परदेशी पैसे पाठवताना आयबॅन कसा वाचायचा, कसा तपासायचा: खान्देशातल्या नवख्यांसाठी

"साहेब, नंबर वेबसाइटवर टाकून बघितला, हिरवी खूण आली. आता पैसे पोचतीलच ना?"

जळगावात परदेशी पैशांचे फॉर्म भरून द्यायला बसलं की हा प्रश्न येतोच. कधी भुसावळचे वडील असतात, मुलाचा जर्मनीत नंबर लागलेला. कधी एमआयडीसीतला चटईवाला असतो, इटलीच्या मशीनचा अॅडव्हान्स पाठवायचा असतो. उत्तर सगळ्यांना एकच देतो: हिरवी खूण म्हणजे नंबर लिहिताना चूक झालेली दिसत नाही, एवढंच. ते खातं चालू आहे का, कोणाच्या नावावर आहे, हे ती खूण सांगत नाही. गाडीचा नंबर नीट लिहिलाय हे कळलं म्हणून गाडीत कोण बसलंय ते कळत नाही. तेव्हा तपासण्या दोन आहेत, एक नंबरची आणि एक माणसाची. पहिली पाच मिनिटांत होते. दुसरीचा लोकांना कंटाळा येतो आणि पैसे तिथेच जातात.

आधी देश बघा

आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक. तो सगळ्या जगात चालत नाही. युरोपातले जवळपास सगळे देश, ब्रिटन, तुर्कस्तान आणि आखातातले देश तो वापरतात. भारत, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन वापरत नाहीत. अमेरिकेला पैसे पाठवायचे तर खाते क्रमांक आणि नऊ अंकी राउटिंग नंबर लागतो, ऑस्ट्रेलियाला सहा अंकी बीएसबी. त्यामुळे न्यू जर्सीतला भाचा "माझ्याकडे आयबॅनच नाही" म्हणाला तर तो खरं बोलतोय. आणि अमेरिकेतल्या बँकेचा म्हणून कोणी आयबॅन पाठवला तर तिथेच थांबा.

नंबर अक्षर अक्षर वाचा

एक नमुना घेऊ. माहितीपत्रकांतून नेहमी छापला जाणारा जर्मन नमुना आहे:

डीई ८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००

(इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिलाय. फॉर्मवर अक्षरं आणि अंक इंग्रजीतच, अक्षरं मोठ्या लिपीत.)

पहिली दोन अक्षरं देशाची: डीई म्हणजे जर्मनी, एई म्हणजे अमिरात, एसए म्हणजे सौदी, जीबी म्हणजे ब्रिटन. पुढचे दोन अंक तपासणीचे, ते गणितातून येतात, त्याकडे नंतर येऊ. त्यापुढचा सगळा भाग त्या त्या देशाच्या पद्धतीचा. जर्मनीत आठ अंक बँकेचे आणि दहा खात्याचे. वरच्या नमुन्यात ३७०४००४४ हा कॉमर्झबँकेचा कोलोनचा कोड आहे आणि ०५३२०१३००० हे खातं. अमिरातीत तीन अंक बँकेचे, सोळा खात्याचे. एमिरेट्स एनबीडीचा कोड ०२६, दुबई इस्लामिक बँकेचा ०२४. सौदीत बँकेचे दोनच अंक आणि खात्याचे अठरा.

प्रत्येक देशाची लांबी ठरलेली आहे, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. जास्तीत जास्त ३४ अक्षरांची मुभा आहे, पण प्रत्यक्षात नॉर्वेचा १५ अक्षरांत संपतो आणि माल्टाचा ३१ पर्यंत जातो. आपल्याकडच्या लोकांना नेहमी लागणारे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: जर्मनी २२, ब्रिटन २२, आयर्लंड २२, नेदरलँड्स १८, फ्रान्स २७, इटली २७, पोलंड २८, अमिरात २३, ओमान २३, सौदी २४, बहारीन २२, इराक २३, कतार २९, कुवेत ३०. केळीवाल्यांचं काम बहुतेक यातल्या शेवटच्या सातांतच होतं.

मोजताना मोकळ्या जागा धरू नका. चार-चारच्या गटांत लिहायची पद्धत डोळ्यांच्या सोयीसाठी आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये बऱ्याचदा सलग लिहावं लागतं.

उतरवून घेताना

व्हॉट्सअॅपवर पासबुकाचा फोटो येतो, त्यावर बोटाची सावली पडलेली असते, आणि शून्य आहे की इंग्रजी ओ, एक आहे की आय, यावर घरात वाद सुरू होतो. फोटोवरून नंबर उतरवू नका. समोरच्याला त्याच्या बँकेच्या अॅपमधून नंबर कॉपी करून मजकूर म्हणून पाठवायला सांगा, शक्य असेल तर बँकेचं खात्याचं पत्र पीडीएफमध्ये मागवा. शून्य आणि ओचा घोळ झालाच तर आराखडा कामाला येतो: जर्मनी, अमिरात यांच्या आयबॅनमध्ये देशाची दोन अक्षरं सोडली की पुढे सगळे अंकच असतात, तिथे ओ असूच शकत नाही. नेदरलँड्स, ब्रिटन, बहारीन यांच्यात बँकेची चार अक्षरं मध्ये येतात, तिथे जपून.

दुसरा सापळा एक्सेलचा. नुसत्या अंकांचा लांब खाते क्रमांक एक्सेलमध्ये टाकला की ते फक्त पहिले पंधरा अंक धरतं, पुढच्या अंकांची शून्यं करतं, आणि सुरुवातीची शून्यं तर उडवूनच टाकतं. आयबॅनमध्ये अक्षरं असल्यामुळे तो वाचतो, पण निर्यातदारांच्या याद्यांत शेजारच्या रकान्यात साधे खाते क्रमांक असतात. त्या रकान्याचा प्रकार आधी "टेक्स्ट" करून ठेवा.

तपासणीचं गणित

वेबसाइट हे गणित करून देतात, पण एकदा हातानं करून बघा. मग हिरवी खूण नक्की काय सांगते ते समजतं आणि तिचा धाकही उरत नाही.

पहिली चार अक्षरं उचलून शेवटी नेऊन ठेवायची. मग अक्षरांचे अंक करायचे: ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत झेड म्हणजे ३५. डी १३ आणि ई १४. आपला नमुना असा होतो:

३७०४००४४०५३२०१३०००१३१४८९

या चोवीस अंकी संख्येला ९७ ने भागायचं. बाकी १ उरली तर नंबर बसला. दुसरं काहीही उरलं तर नंबर चुकलेला आहे, त्यावर चर्चा नाही.

मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरमध्ये एवढी संख्या नीट मावत नाही, म्हणून तुकडे करायचे. पहिले नऊ अंक ३७०४००४४०. ९७ ने भागा, दशांशचिन्हापुढचा भाग तेवढा ठेवून त्याला ९७ ने गुणा: बाकी २३. या २३ पुढे पुढचे सात अंक लावा, २३५३२०१३०, बाकी ७०. पुन्हा सात अंक, ७०००१३१४८, बाकी ३८. उरला एक अंक ९, म्हणजे ३८९, आणि ९७ चोक ३८८. बाकी १. बसला.

आता मुद्दाम चूक करा. मधल्या ०५३२ चं ०५२३ करा, घाईत टाइप करताना होते तशी. सगळं तसंच करत गेलात तर शेवटी ९०९ येतं आणि बाकी ३६ उरते. नंबर नापास. कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी गेले, तर हे गणित ते हमखास पकडतं. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या चुका झाल्या तर साधारण सत्त्याण्णवात एखादी सुटू शकते. तपासणीचे दोन अंक नेहमी ०२ ते ९८ च्या मधले असतात. ००, ०१ किंवा ९९ दिसले तर गणित करायचीही गरज नाही.

आणि ठगाचा आयबॅनही या गणितात पास होतो. त्याचं खातं खरंच असतं ना!

स्विफ्ट कोड आयबॅनशी जुळवा

फॉर्मवर आयबॅनच्या जोडीला बँकेची ओळख सांगणारा स्विफ्ट कोड लागतो, त्यालाच बीआयसी म्हणतात. तो आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो: चार बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, आणि असलीच तर तीन शाखेची. शेवटी तीन एक्स असतील तर मुख्य कार्यालय समजायचं. कॉमर्झबँकेचा कोड सीओबीए-डीई-एफएफ असा आहे. यातलं पाचवं-सहावं अक्षर आयबॅनच्या पहिल्या दोन अक्षरांशी ताडून बघा. आयबॅन जर्मनीचा आणि स्विफ्ट नेदरलँड्सचा असेल तर फॉर्म पुढे सरकवू नका, आधी विचारा. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये आणखी सोपं आहे, आयबॅनमधली बँकेची चार अक्षरं बहुधा स्विफ्टच्या पहिल्या चारांसारखीच असतात.

एक अपवाद डोक्यात ठेवा. वाइझ आणि रेव्होल्यूट या मोबाइल अॅपवर खातं देणाऱ्या कंपन्या. वाइझची युरो खाती बेल्जियमच्या बीई आयबॅनची असतात आणि रेव्होल्यूटच्या कितीतरी खात्यांचा आयबॅन लिथुआनियाच्या एलटीने सुरू होतो. म्युनिकला शिकणाऱ्या मुलीनं बेल्जियमचा आयबॅन पाठवला तर लगेच घाबरायचं कारण नाही, तिला फोन करा. पण मशीन इटलीचं, इन्व्हॉइस इटलीचं आणि खातं तिसऱ्याच देशात, वर "लवकर पाठवा" असा तगादा, तर तिथे ताकही फुंकून प्यायचं.

माणसाची तपासणी

खान्देशातले व्यवहार शब्दावर चालतात. सावद्याचा व्यापारी फोनवर गाडी भरून देतो, कागद मागाहून येतो. ही सवय चांगली की वाईट यात मी पडत नाही, पण परदेशी खात्याच्या बाबतीत ती सोडावी लागते.

फसवणूक साधारण अशी होते. तुमचा आणि समोरच्या कंपनीचा महिनोन्‌महिने ईमेलवर व्यवहार चालू असतो. दोघांपैकी एकाची मेल कोणीतरी उघडून वाचत असतो. पैसे द्यायची वेळ आली की मेल येते: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी नव्या खात्यात पाठवा, सोबत नवं इन्व्हॉइस. लोगो तोच, सही तीच, इंग्रजीही तसंच. फरक फक्त पाठवणाऱ्याच्या पत्त्यात. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी ठेवलेले असतात, लहान लिपीत ते एमसारखेच दिसतात. मोबाइलवर तर पत्ता दिसतच नाही, नुसतं नाव दिसतं. त्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि कॉम्प्युटरवर मोठा करून वाचा.

खातं बदललं असं कळलं की फोन करायचा, आणि तो त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, शक्यतो आवाज ओळखीचा असलेल्या माणसाला. नंबर तुम्ही वाचून "बरोबर ना?" विचारू नका. त्यांना त्यांच्याकडचा वाचायला सांगा, तुम्ही तुमच्या कागदावर खुणा करत जा. "हो हो, बरोबर" म्हणायला कोणालाच कष्ट पडत नाहीत.

"नाव चुकलं तर बँक अडवेल की" हा भरवसाही धरू नका. युरोपच्या कायद्यात बँकेनं आयबॅनप्रमाणे पैसे जमा केले तर तिनं तिचं काम केलं असं धरतात. नाव आणि आयबॅन जुळतात का ते पाठवण्याआधी दाखवायची सोय युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीची झाली, ब्रिटनमध्ये तशी व्यवस्था २०२० पासून आहे. पण ती तिथल्या तिथल्या व्यवहारांसाठी. आपल्या इथून स्विफ्टनं जाणाऱ्या पैशाला तिचा आधार नाही.

रक्कम मोठी आणि पार्टी नवी असेल तर आधी थोडे पैसे पाठवून बघा. पोच फोनवर घ्या, मगच बाकीचे. दोनदा कमिशन जातं म्हणून लोक कुरकुरतात. लाखांच्या व्यवहारात मला तरी ते स्वस्त वाटतं.

फॉर्म भरताना

घरच्या कामासाठी, शिक्षणासाठी पैसे पाठवायचे तर ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून जातात: एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत. पॅन लागतो, ए-टू फॉर्म लागतो आणि पैसे कशासाठी ते सांगणारा पर्पज कोड लागतो. परदेशातल्या शिक्षणाचा कोड एस ०३०५. एका वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलात तर टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते त्या कराचा, प्रश्न येतो. शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशाला वेगळा नियम आहे, तेव्हा सीएला आधी विचारा. मालाच्या आयातीचे पैसे या योजनेत येत नाहीत, त्याला आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), इन्व्हॉइस आणि पुढे बिल ऑफ एंट्री (माल आल्याचा कस्टमचा कागद) असा वेगळा रस्ता आहे.

लाभार्थीचं नाव पासपोर्टवर आहे तसं नको, बँक खात्यावर आहे तसं लिहा. आपल्याकडे नावात वडिलांचं नाव मधे असतं, तिकडच्या बँकेनं कधी ते गाळलेलं असतं, कधी आडनाव पुढे घेतलेलं असतं.

कमिशन कोण भरणार हाही रकाना असतो: ओयूआर, एसएचए, बीईएन. सगळं तुमच्याकडून, आपापल्या बाजूचं ज्याचं त्याच्याकडून, किंवा सगळं घेणाऱ्याकडून. जळगावहून निघालेले युरो बहुतेक वेळा सरळ जात नाहीत, मधे एखादी बँक लागते आणि ती आपला वाटा कापून घेते. नातेवाइकाला दहा-वीस युरो कमी पोचले तर चालतं. विद्यापीठाची फी किंवा जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून दाखवायचं खातं) असेल तर चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून त्या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिना ९९२ प्रमाणे (निघण्याआधी वकिलातीच्या पानावर ताजा आकडा बघून घ्या). पंधरा युरो कमी पडले तर खातं अपुरं धरलं जातं आणि व्हिसाची तारीख डोक्यावर असते. इथे ओयूआर निवडा, वर थोडे जास्त टाका. आणि खातं देणाऱ्या संस्थेनं रेफरन्स नंबर दिला असेल तर तो शेऱ्याच्या रकान्यात अक्षरशः तसाच लिहा. आयबॅन बरोबर आणि रेफरन्स गायब, अशा पैशाला मालक सापडायला वेळ लागतो.

सही करण्याआधी काउंटरवरच्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये काय टाकलंय ते छापून मागा आणि शेवटचे सहा अंक मोठ्यानं वाचा. तो जरा वैतागेल. वैतागू द्या.

पैसे निघाले, पोचले नाहीत

चौथ्या दिवशी पारोळ्याहून फोन येतो, "भाऊ, पैसा कथा ग्यात?" त्याचं उत्तर बँकेकडे असतं, फक्त मागायला हवं. स्विफ्ट संदेशाची प्रत मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकांनी या संदेशांचा साचा बदलला, तरी काउंटरवर अजून "एमटी १०३ ची कॉपी" म्हणूनच ती ओळखतात. त्यावर यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा लांबलचक क्रमांक असतो, त्यावरून पैसे कुठल्या बँकेत अडलेत ते तुमच्या बँकेला दिसतं.

आयबॅन गणितातच चुकलेला असेल तर पैसे बहुधा परत येतात, मधलं कमिशन आणि दरातला फरक कापून. गणितात बसणारा पण दुसऱ्याचाच आयबॅन असेल तर बँक परत मागणीचा संदेश पाठवते, पण एकदा जमा झालेले पैसे त्या खातेदाराच्या संमतीशिवाय सहसा सुटत नाहीत. फसवणूक वाटली तर उद्यावर टाकू नका. बँकेला लेखी कळवा, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

उलटा रस्ता: आखातातून खान्देशात

दुबईतला मुलगा म्हणतो, "अॅप आयबॅन मागतंय, तुमचा पाठवा." तुमच्याकडे नाही, कारण भारतात तो नाहीच. इंटरनेटवर भारतीय आयबॅन बनवून देणारी पानं सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. अॅपमध्ये देश "इंडिया" निवडला की रकाने बदलतात आणि खाते क्रमांक व आयएफएससी मागितला जातो. आयएफएससी अकरा अक्षरांचा, पहिली चार बँकेची, आणि पाचवं कायम शून्य असतं, ओ नाही. पासबुकावर देना बँक, अलाहाबाद बँक, सिंडिकेट अशी नावं असतील तर तो आयएफएससी आता चालत नाही, शाखेत जाऊन नवा घ्या.

तिकडच्या बँकेनं स्विफ्ट कोड मागितला तर आपल्या शाखेत विचारा. तालुक्याच्या बऱ्याच शाखांना स्वतःचा कोड नसतो, परदेशी काम बघणाऱ्या मोठ्या शाखेचा वापरावा लागतो. पतसंस्थेतल्या खात्यावर परदेशातून थेट पैसे मागवता येत नाहीत, आणि काही सहकारी बँकांना दुसऱ्या बँकेमार्फत मागवावे लागतात. आधी विचारून मगच मुलाला नंबर द्या.

घरखर्चासाठी येणाऱ्या पैशाचा पर्पज कोड पी १३०१. केळीच्या किंवा चटईच्या पैशाला हा कोड लावू नका, निर्यातीचे कोड वेगळे आहेत आणि चुकीचा पडला की बँकेत कागद जुळवताना दमछाक होते. प्रत्येक रकमेमागे बँकेकडून एफआयआरए हा परदेशातून पैसे आल्याचा दाखला घेऊन फायलीला लावा, निर्यातदारांनी तर न चुकता.

वारही बघत जा. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी, अमिरातीत शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस, आपल्याकडे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. रियाधहून गुरुवारी संध्याकाळी निघालेले पैसे सोमवारी-मंगळवारी चोपड्यात दिसले तर कुठे अडले असं समजू नका.